हेपॅरिन, हेपॅटायटिस आणि आमचे मामू

आमचे मामू आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात, मंगळवारी आणि शुक्रवारी. शुक्रवारची पाळी सकाळची मिळावी म्हणून त्यांनी सेंटरमधल्या लोकांना बरेच विनवले. जुमा चुकू नये, एवढीच त्यांची अट होती. वीस वर्षांचा मधुमेह आणि त्याच्या जोडीला रक्तदाब, या दोघांनी मिळून त्यांच्या किडन्या निकामी केल्या. शाळेला सुट्टी असली की मुमानीऐवजी मी त्यांच्यासोबत जाते.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. सिस्टर ट्रे घेऊन एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे येत होत्या. ट्रेमध्ये औषधाची एक छोटी कुपी होती. मामूंच्या खाटेशी थांबून त्यांनी कुपीत सुई खुपसली आणि औषध सिरिंजमध्ये ओढले.

"सिस्टर, हे कसलं इंजेक्शन?" मामूंनी विचारले.

"हेपॅरिन, चाचा. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून."

शेजारच्या खाटेवरचे काका तिथले जुने रुग्ण. ते सहज बोलून गेले, "हे डुकराच्या आतड्यापासून बनतं म्हणे. माझ्या मुलाने मोबाइलवर वाचलं."

मामूंनी हात मागे घेतला. डॉक्टर आले. समजूतदार माणूस. "आज हेपॅरिनशिवाय करून पाहू, मधूनमधून सलाइनने नळ्या धुऊ," म्हणाले. अडीच तासांनी मशीन ओरडू लागले. रक्त गाळणारा डायलायझर आतून गोठला होता. त्यात अडकलेले रक्त वाया गेले आणि डायलिसिस अर्धेच झाले. मामूंचे हिमोग्लोबिन आधीच कमी. घरी येताना रिक्षात ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बेटा, तू पढी-लिखी है. पूछ ले, ये जायज है के नहीं."

मी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि ते पुढे सांगतेच. पण त्याच दिवशी, त्याच ट्रेकडे बघून आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. तो आमच्या घरात कोणालाही सुचला नाही. या महिन्याचा लेख त्या राहून गेलेल्या प्रश्नासाठी आहे.

जिगर आणि यकृत

शाळेत उर्दू आणि मराठी शिकवत असल्यामुळे औषधाआधी माझे लक्ष शब्दाकडे गेले. हेपॅरिन हे औषध आणि हेपॅटायटिस हा आजार, दोन्ही नावे ग्रीक भाषेतल्या ‘हेपार’ या शब्दावरून पडली. हेपार म्हणजे यकृत. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की ग्रीकांचे हेपार, मराठीत संस्कृतातून आलेले यकृत आणि उर्दूत फारसीतून आलेले जिगर, हे तिन्ही शब्द एकाच जुन्या मुळापासून फुटलेले आहेत. म्हणजे आपल्या ‘जिगरी दोस्ता’तला जिगर आणि लॅबच्या रिपोर्टवरचा हेपॅटायटिस एकाच खानदानातले निघाले!

हेपॅरिनला यकृताचे नाव मिळण्याचे कारण असे. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. त्याचे गुरू होते विल्यम हॉवेल. प्राण्यांच्या अवयवांचे अर्क तपासताना, त्यातही कुत्र्याच्या यकृताचा अर्क तपासताना, त्याला उलटेच दिसले. रक्त गोठण्याऐवजी पातळच राहत होते. हॉवेल यांनी हे काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये ‘हेपॅरिन’ हे नाव वापरात आणले. पुढे कॅनडात टोरोंटो येथे, इन्सुलिनच्या शोधात ज्यांचा वाटा होता त्या चार्ल्स बेस्ट यांच्या गटाने ते शुद्ध केले. १९३५ मध्ये ते पहिल्यांदा माणसाला टोचण्यात आले.

रक्त बाहेर आले की गोठते

डायलिसिसला याची गरज का पडते? आपले रक्त शरीरातल्या नसांमध्ये वाहत असते तोवर पातळ राहते. बाहेरच्या वस्तूला लागले की ते गोठू लागते. जखम भरावी म्हणून अल्लाह तआलाने ठेवलेली ही सोय आहे. पण डायलिसिसमध्ये हातावरच्या फिस्टुलातून रक्त बाहेर काढतात, ते प्लास्टिकच्या नळ्यांतून डायलायझरमध्ये जाते, तिथल्या केसासारख्या हजारो पोकळ तंतूंमधून गाळले जाते आणि परत शरीरात येते. दर मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर, असे चार तास. शरीराला ही सगळी जखमच वाटते. रक्त गोठायला लागते, तंतू बुजतात, आणि मामूंचे त्या दिवशी झाले तसे होते.

हेपॅरिन नव्हते तेव्हा संशोधक जळवांच्या तोंडातून काढलेला हिरुडिन हा पदार्थ वापरत. १९१३ मध्ये जॉन एबल यांनी कुत्र्यांवर आणि १९२४ मध्ये जर्मनीतल्या गीसेन गावी गेऑर्ग हास यांनी पहिल्यांदा माणसावर डायलिसिस केले, ते हिरुडिनच्या आधारावर. ते पुरेसे शुद्ध नसे, रुग्णाला त्रास होई. हेपॅरिन हाती आल्यावर रस्ता मोकळा झाला.

दुसऱ्या महायुद्धात, जर्मन सैन्याच्या ताब्यात असलेल्या हॉलंडमधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून डायलिसिसचे मशीन तयार केले. रक्त पातळ ठेवायला हेपॅरिन होते. १९४३ पासून दोन वर्षे त्यांचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली आणि पुढे काही वर्षे जगली. ही बाई शत्रूला सामील झाल्याच्या आरोपावरून कैदेत होती. गावातल्या लोकांना तिच्याबद्दल प्रेम नव्हते. कोल्फ यांनी तिला रुग्ण म्हणूनच पाहिले. आज जगात जे लाखो लोक डायलिसिसवर जगतात, त्यांची वाट त्या एका बाईपासून सुरू होते.

मौलानांचे तीन प्रश्न

आता मामूंच्या प्रश्नाकडे. त्या काकांनी सांगितले ते खरे होते. आज जगभरात वापरले जाणारे बहुतेक हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात.

मी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेले. मला वाटले होते, ते लगेच हो किंवा नाही म्हणतील. त्यांनी उलट मलाच काम दिले. "डॉक्टरांकडून तीन गोष्टी विचारून आणा. याच्याशिवाय भागेल का? याच्याऐवजी दुसरं काही आहे का? आणि ते दुसरं याच्याइतकंच काम करेल का?"

डॉक्टरांनी शांतपणे उत्तरे दिली. हेपॅरिनशिवाय डायलिसिस करता येते. ज्यांना रक्तस्राव होत असतो त्यांचे तसेच करतात. पण नळ्या गोठण्याचा धोका राहतो, आणि वर्षानुवर्षे दर पाळीला तसे करत राहणे रुग्णाला परवडणारे नाही. गाई-बैलांच्या आतड्यापासून काढलेले हेपॅरिनही असते. ब्राझील, अर्जेंटिनासारख्या देशांत ते चालते. मात्र आमच्या सेंटरला त्याचा पुरवठा नव्हता. शिवाय दोन्हींची ताकद तंतोतंत सारखी नसते, म्हणून कुपी परस्पर बदलून चालत नाही. प्रयोगशाळेत बनवलेले फोंडापॅरिनक्स नावाचे औषध आहे, त्यात प्राण्याचा अंश नाही. पण ते किडनीवाटे शरीराबाहेर पडते. ज्याची किडनीच बंद, त्याच्या अंगात ते साठून रक्तस्राव होऊ शकतो.

ही उत्तरे घेऊन मी परत गेले. मौलानांनी सूरह बकराच्या १७३ व्या आयतीची आठवण करून दिली. हराम वस्तू सांगितल्यानंतर त्याच आयतीत, जो नाइलाज झालेला आहे, ज्याच्या मनात बंडखोरी नाही आणि जो गरजेची हद्द ओलांडत नाही, त्याला सूट दिलेली आहे. बैलाच्या हेपॅरिनबद्दल ते म्हणाले, "त्यातही जबीहाचा प्रश्न उरतोच." मग त्यांनी मक्का येथील राबिता आलम-ए-इस्लामीच्या फिक्ह परिषदेचा ठराव सांगितला. डिसेंबर २००३ मधल्या सतराव्या बैठकीत तिथल्या उलमांनी नेमक्या याच औषधावर विचार केला होता. तो ठराव कमी रेणुभाराच्या नव्या हेपॅरिनविषयी होता. त्याचा आशय असा: पुरेसा पर्याय नसेल किंवा पर्यायाने उपचार लांबत असेल तर हे औषध घेता येते, मात्र गरजेपेक्षा जास्त घेऊ नये, आणि पाक पर्याय खात्रीने मिळू लागला की त्याकडे वळावे. आमच्या सेंटरमधले हेपॅरिन जुन्या प्रकारचे असले तरी नियम तोच लागू होतो, असे मौलाना म्हणाले.

काही उलमा इस्तिहालाचा, म्हणजे मूळ वस्तूचे रूप आणि गुण पार बदलून जाण्याचा मुद्दाही मांडतात. त्यावर मतभेद आहेत. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. तुमच्या घरी असा प्रश्न आला तर तुमच्या विश्वासातल्या आलिमना विचारा. फक्त त्यांच्याकडे जाताना डॉक्टरांची उत्तरे सोबत न्या. दोघांपैकी एकालाच विचारून घरी बसू नका.

मामूंनी पुढच्या पाळीला बिस्मिल्लाह म्हणून हात पुढे केला. आम्ही सारे निश्चिंत झालो.

हलालसोबत तय्यिब

कुरआनमध्ये हलालच्या जोडीला तय्यिब हा शब्द येतो, म्हणजे स्वच्छ, उत्तम, निर्भेळ. औषध कशापासून केले हा एक प्रश्न झाला. ते स्वच्छ आहे का, हा दुसरा.

जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मुलांच्या एका रुग्णालयाने सरकारला कळवले की डायलिसिस सुरू करताच काही मुलांना ॲलर्जीसारखा त्रास होत आहे. चौकशी सुरू झाली तेव्हा इतर ठिकाणांहूनही तशाच तक्रारी येत होत्या. रक्तदाब एकदम खाली येत होता, श्वास लागत होता. काही मृत्यूही झाले. शोध घेता घेता बोट हेपॅरिनकडे वळले. त्याचा कच्चा माल चीनमधून येत होता आणि त्यात हेपॅरिनसारखाच भासणारा एक स्वस्त पदार्थ मिसळलेला होता. नेहमीच्या चाचणीत तो पकडला जात नव्हता. माल परत मागवला गेला आणि पुढे चाचण्या कडक झाल्या. वर कोरडे आणि खाली ओले धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ढिगात हात घालून पाहणारा कोणीतरी असावा लागतो. इथे तो हात रुग्णाजवळ उभ्या असलेल्या डॉक्टर-नर्सनी घातला. ‘असे का होते आहे?’ असे त्यांनी वेळेवर विचारले.

आमच्या घरात मात्र तसे कोणी विचारले नाही.

आठव्या महिन्याचा रिपोर्ट

डायलिसिस सुरू होऊन आठ महिने झाले होते. नेहमीच्या तपासणीत मामूंचा हेपॅटायटिस सीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सुरुवातीला तो निगेटिव्ह होता. मामूंना ताप नव्हता, डोळे पिवळे नव्हते, भूक होती तशीच. मुमानी म्हणाल्या, "कावीळ असती तर दिसली नसती का?"

इथेच आपण फसतो. कावीळ म्हणजे डोळे पिवळे, मग कोणी झाडपाला देतो, कोणी दम करून देतो. हेपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू बहुतेकदा असा गाजावाजा करत नाहीत. ते रक्तात राहतात आणि वर्षानुवर्षे यकृत पोखरतात. रक्तातून रक्तात जाणे हा त्यांचा मुख्य रस्ता. आणि डायलिसिसच्या खोलीत आठवड्यातून दोन-तीनदा अनेकांचे रक्त एकाच छताखाली शरीराबाहेर येते.

हेपॅटायटिस बीचा विषाणू सापडला तोही कोणी तो शोधत नसताना. बारूख ब्लुमबर्ग हे अमेरिकी संशोधक माणसामाणसांच्या रक्तातले आनुवंशिक फरक अभ्यासत होते. अनेकदा रक्त घ्यावे लागलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तजलाची ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी प्रतिक्रिया झाली. त्या अनोळखी पदार्थाला त्यांनी ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हटले आणि १९६५ मध्ये तो जाहीर केला. तो कशाचा, हे तेव्हा कळले नव्हते. १९६७ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बार्बरा वर्नर यांना बरे वाटेनासे झाले. त्यांनी स्वतःचे रक्त तपासले आणि त्यात तोच अँटिजेन निघाला. त्यांना हेपॅटायटिस झाला होता. अशा खुणा जुळत गेल्या आणि हा अँटिजेन हेपॅटायटिस बीच्या विषाणूचा भाग असल्याचे स्पष्ट झाले. आज आपल्या रिपोर्टवर ‘एचबीएसएजी’ म्हणून जी तपासणी असते ती हीच. ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै. म्हणून त्या दिवशी जागतिक हेपॅटायटिस दिन असतो.

या शोधाची सर्वांत जास्त गरज डायलिसिसच्या खोल्यांना होती. १९६९-७० मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरा येथे डायलिसिस विभागात हेपॅटायटिसची साथ आली. रुग्ण दगावले, त्यांची सेवा करणारे कर्मचारीही दगावले. १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये लॉर्ड रोझेनहाइम यांच्या समितीने अशा विभागांसाठी तपासणी आणि दक्षतेचे नियम सुचवले. अमेरिकेत १९७४ मध्ये एका वर्षात डायलिसिसच्या ६.२ टक्के रुग्णांना नव्याने हेपॅटायटिस बी होत होता; काही सेंटरांत हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत होते. १९७७ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने नियम घालून दिले: सर्वांची नियमित तपासणी, बी पॉझिटिव्ह रुग्णांना वेगळी खोली आणि वेगळे मशीन, हातमोजे, हात धुणे, पृष्ठभाग पुसणे. १९८० पर्यंत ते प्रमाण १ टक्क्यावर आले. लक्षात घ्या, तेव्हा लस बाजारात आलेलीच नव्हती. ती १९८१ मध्ये मान्य झाली. हे काम नुसत्या स्वच्छतेने झाले.

राहून गेलेला प्रश्न

हेपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना त्याबद्दल २०२० चे नोबेल मिळाले. सीवर अजून लस नाही. डायलिसिसमध्ये तो पसरण्याचे एक ओळखीचे कारण सांगितले जाते, आणि ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. ते कारण म्हणजे अनेक रुग्णांसाठी वापरली जाणारी औषधाची एकच कुपी.

हेपॅरिनची कुपी बहुतेकदा एकाहून अधिक मात्रांची असते. वापरलेली सुई किंवा सिरिंज तिच्यात एकदा जरी गेली, तरी डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश औषधात उतरतो आणि पुढच्या प्रत्येकाच्या शरीरात जातो. हेपॅटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकू शकतो. म्हणून औषध वेगळ्या, स्वच्छ टेबलावर, दर वेळी नव्या सुईने आणि नव्या सिरिंजने काढावे. कुपी खाटेखाटेवर फिरवू नये, असा नियम आहे.

मला तो ट्रे आठवला. खाटेखाटेवर फिरणारा. आम्ही त्या कुपीकडे टक लावून बघत होतो. ती कोणत्या जनावरापासून आली, हे विचारत होतो. आमच्या आधी तिच्यात कोणाकोणाची सुई गेली, हे विचारले नाही. मामूंना विषाणू तिथूनच आला असे मी म्हणू शकत नाही. मधे त्यांना दोनदा रक्तही चढवले होते. पण प्रश्न विचारायचा राहिला, हे खरे. पहिला प्रश्न विचारला याचे मला वाईट वाटत नाही. तो विचारायलाच हवा होता. वाईट याचे वाटते की पाक-नापाकचा विचार करताना आम्ही त्यातली अर्धीच बाजू पाहिली.

घरच्यांनी काय विचारावे

ज्यांच्या घरी कोणी डायलिसिसवर आहे किंवा लवकरच जाणार आहे, त्यांनी हे कागदावर उतरवून घ्यावे.

१. सुरू करण्यापूर्वी हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी झाली का? पुढे ती कधी कधी होणार? रिपोर्टची प्रत घरी फाइलमध्ये ठेवावी.

२. हेपॅटायटिस बीची लस दिली का? किडनीच्या रुग्णांत लस कमी लागू पडते, म्हणून त्यांना नेहमीपेक्षा दुप्पट मात्रा आणि बहुधा चार डोस देतात. डायलिसिसची वेळ येण्याआधीच घेतली तर उत्तम. डोस पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून ती लागू पडली का ते पाहावे. आजची लस यीस्टमध्ये तयार होते. भारतात अशी पहिली लस १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने आणली. वरप्रसाद रेड्डी यांच्या त्या कंपनीत ओमानचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री यूसुफ बिन अलवी यांनी भांडवल घातले होते. परदेशी लशीपेक्षा ती खूपच स्वस्त होती.

३. हेपॅरिन आणि इतर इंजेक्शने कुठे भरतात? दर वेळी नवी सुई, नवी सिरिंज असते का? दोन रुग्णांच्या मधे हातमोजे बदलतात, हात धुतात, मशीन आणि खाट पुसतात का?

४. डायलायझर धुऊन पुन्हा वापरतात का? वापरत असतील तर त्यावर आपल्याच रुग्णाचे नाव आहे ना, हे दर पाळीला पाहावे.

५. सांगायचे तेही सांगावे. रुग्ण पडला असेल, डोक्याला मार लागला असेल, दात काढायचा असेल, शौच काळे होत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर सुई टोचण्याआधी कळवावे. हेपॅरिनची मात्रा कमी करता येते किंवा त्या दिवशी टाळता येते. पाळी सुरू असलेल्या भगिनींनी संकोच करू नये. तेही सांगण्याजोगेच आहे.

६. हिजामा करून घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. डायलिसिसच्या रुग्णाला कापलेल्या जागेचे रक्त लवकर थांबत नाही. निरोगी माणसानेही हिजामाचे ब्लेड आपल्या डोळ्यांसमोर पाकिटातून निघताना पाहावे. मुलांच्या खतन्याला आणि हज-उमराहमध्ये हलक करतानाही तेच. एक ब्लेड, एक माणूस.

सिस्टरना विचारताना आवाज चढवू नये. एकेका सिस्टरवर सहा-सहा खाटा असतात, त्यांचा जीवही याच धोक्यात असतो. "सिस्टर, नवी सुई आहे ना?" एवढे हसून विचारले तरी पुरते.

मामूंचे ताट

पॉझिटिव्ह रिपोर्ट आला त्या रात्री मुमानींनी मामूंचे ताट, पेला आणि चादर वेगळी काढून ठेवली. मामू काही बोलले नाहीत. नातवाला त्यांनी स्वतःच जवळ येऊ दिले नाही. दुसऱ्या दिवशी मी मुमानींना समजावले. एका दस्तरख्वानवर जेवल्याने, मिठी मारल्याने, सफमध्ये खांद्याला खांदा लावून नमाज पढल्याने हेपॅटायटिस बी किंवा सी पसरत नाही. दाढीचे ब्लेड, टूथब्रश, नेलकटर आणि शुगर तपासायची सुई मात्र वेगळी हवी. पती-पत्नीने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरातल्या सगळ्यांनी तपासणी करून घ्यावी आणि बीची लस घ्यावी. नवजात बाळाला ती जन्मानंतर २४ तासांत सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

आणि सीचे आता औषध आहे. पूर्वी इंजेक्शने घेऊन वर्ष जाई आणि तरी भरवसा नसे. आता बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि ९५ टक्क्यांच्या आसपास लोक बरे होतात. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात ठरावीक सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. डायलिसिसवरच्या माणसाला कोणत्या गोळ्या चालतील ते डॉक्टरच ठरवतात. मामूंनी १२ आठवडे एकही गोळी चुकवली नाही. गोळ्या संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. अलहमदुलिल्लाह. बरे झाल्यावरही तो पुन्हा होऊ शकतो, म्हणून सावधगिरी संपलेली नाही.

अल्लाहने आजार दिला तशी त्याची शिफाही उतरवली आहे, असा आपला ईमान आहे. ती शिफा कोणा विद्यार्थ्याच्या चुकलेल्या प्रयोगातून येते, कोणी स्वतःचेच रक्त तपासते त्यातून येते. आपल्यापर्यंत ती सुरक्षित पोहोचावी म्हणून शेवटचे दोन पावले आपल्याला चालायची असतात.

गेल्या शुक्रवारी मी मामूंसोबत होते. आता तिथे औषध कोपऱ्यातल्या टेबलावर भरतात. सिस्टर सिरिंज घेऊन आल्या. मामूंनी चष्मा नाकावर सरकवला.

"बेटी, नवी सुई?"

"नवीच आहे, चाचा. तुम्ही रोज विचारता."

"तू रोज बता," मामू म्हणाले, आणि बिस्मिल्लाह म्हणून त्यांनी हात पुढे केला.